बालकाचा आजार घराजवळच ओळखा

न्यूमोनिया व अतिसारामुळे रुग्णालयात दाखल कराव्या लागणाऱ्या अनेक बालकांवर आजाराच्या पहिल्या दिवसांत जवळच्या आरोग्य केंद्रातच उपचार होऊ शकतात. भिलाईत सेक्टर ९ चे मोठे रुग्णालय जवळ असल्याने ‘वेळ पडली तर तेथे नेऊ’ असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ती वेळ बहुधा आजार बळावल्यावरच येते.

छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ मध्ये गावातीलच कार्यकर्त्यांना बालकांचा न्यूमोनिया ओळखून औषध देण्याचे प्रशिक्षण दिले. या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या, हा उपक्रम नसलेल्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी आढळले. त्यासाठी नवे रुग्णालय उभारावे लागले नाही. श्वास मोजण्याची सवय आणि वेळेवर औषध एवढेच लागले.

हा श्वास आपणही मोजू शकता. बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, पोटाची हालचाल पाहून पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या बालकाचा ५० वा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या बालकाचा ४० वा अधिक भरल्यास तो जलद समजावा. खोकल्यासोबत श्वास जलद असेल, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. तेथे दिलेले औषध ताप उतरला म्हणून मध्येच बंद करू नये. ज्याला येथे ‘पसली चालणे’ म्हणतात, त्यावर झाडफूक किंवा पोटाला चटका देण्यात गेलेला दिवस बाळाला महागात पडतो.

अतिसारात बाळ दगावते ते मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार कमी झाल्याने. एक लिटरचे ओआरएस पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावे. दोन वर्षांखालील बालकास प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. केंद्रातून मिळणाऱ्या झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात. अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न थांबवू नये. तयार द्रावण २४ तासांनंतर वापरू नये.

छत्तीसगडमध्ये २००२ पासून कार्यरत असलेल्या मितानीन आपल्याच वस्तीतील असतात. रुग्णालयात प्रसूती झाल्यास नवजात बाळाच्या तपासणीसाठी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी गृहभेट ठरलेली आहे. ती चुकल्यास निःसंकोच निरोप पाठवावा. रोटाव्हायरस व न्यूमोकोकल लसी शासकीय केंद्रांत विनामूल्य दिल्या जातात. बाळाला किरकोळ सर्दी आहे म्हणून लस पुढे ढकलू नये.

काही वेळा मात्र घरी थांबणेच धोक्याचे असते. बाळ दूध किंवा पाणी पीत नसेल, प्यायलेले सर्व उलटून टाकत असेल, झटके आले असतील, सुस्त पडले असेल, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल किंवा शौचात रक्त असेल, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे. दोन महिन्यांखालील बाळास ताप आला, अंग गार पडले किंवा श्वास जलद झाला, तरी हेच करावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर संपर्क साधावा आणि निघताना लसीकरणाचे कार्ड व दिलेल्या औषधांची वेष्टने सोबत घ्यावीत.