चित्रासाठी थांबणारा पडदा

संगणकाच्या मॉनिटरवरचे चित्र स्थिर दिसले तरी ते सेकंदाला अनेकदा नव्याने रंगवले जात असते. साध्या मॉनिटरवर हे ६० वेळा होते. त्यालाच ६० हर्ट्झचा रिफ्रेश रेट म्हणतात. वरून सुरुवात करून एकेक ओळ भरत तळाशी यायचे आणि पुन्हा वर जायचे, ही एक फेरी १६.७ मिलिसेकंदांची. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर ती सात मिलिसेकंदांच्या आत आटोपते. गेमिंगच्या मॉनिटरच्या खोक्यावर हर्ट्झच्या आकड्याशेजारी बहुधा आणखी एक शब्द असतो: ‘फ्रीसिंक’, ‘जी-सिंक’ किंवा ‘अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक’. ग्राहकाची नजर आकड्यावर जाते आणि हा शब्द मागे राहतो. ग्राफिक्स कार्ड मध्यम ताकदीचे असेल, तर गेम सुरळीत दिसण्यात त्या आकड्यापेक्षा या शब्दाचा वाटा मोठा असतो.

पडद्याची लय ठरलेली असावी, ही चाल टीव्हीच्या काळापासूनची. जुन्या संचांत विजेच्या पुरवठ्याची थरथर चित्रात उतरे आणि आडवे पट्टे सरकताना दिसत. पडद्याची लय विजेच्या लयीशी जुळवली की ते पट्टे जागच्या जागी राहत. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथला पडदा ६०चा. संगणकाचे मॉनिटरही पुढे त्याच आकड्यावर स्थिरावले. भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणून टीव्हीवर सेकंदाला २५ चित्रे आणि प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत.

रायपूरच्या आसपासच्या खेड्यांत टीव्ही आला तो याच लयीत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात चाललेल्या ‘साइट’ प्रयोगात ‘नासा’च्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांना कार्यक्रम दाखवले गेले. तेव्हाच्या मध्य प्रदेशातला रायपूर हा त्यातला एक विभाग. तारेच्या जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री संकेत पकडे आणि त्या संकेतातच प्रत्येक ओळ व प्रत्येक चित्र कधी सुरू करायचे याची खूण असे. केंद्र आणि खेड्यातला संच एकाच ठेक्यावर चालत. ठेका मात्र कधीच बदलत नसे. चित्रपटसुद्धा त्यात बसवून घ्यावा लागे: सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट ५० हर्ट्झच्या टीव्हीवर सर्रास २५ फ्रेमच्या वेगाने चालवत, आणि अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटे आधी संपे.

गेमला असे बसवून घेता येत नाही, कारण त्यातले चित्र आधी तयार नसते. खेळणारा माऊस हलवतो तसे ग्राफिक्स कार्ड प्रत्येक फ्रेम त्या क्षणी रचते. बंद खोलीतले दृश्य आठ मिलिसेकंदांत तयार होते. धूर, पाऊस आणि वीस गाड्या एकत्र आल्या की त्याच कार्डाला पंचवीस लागतात. कार्डाचा वेग असा क्षणाक्षणाला बदलतो, पडद्याचा मात्र ठरलेला. खटका उडतो तो इथे.

कार्डाने न थांबता फ्रेम पाठवली, तर पडदा निम्मा भरलेला असतानाच नवे चित्र येऊन पडते. वरचा भाग जुन्या फ्रेमचा, खालचा नव्या फ्रेमचा. गाड्यांच्या शर्यतीत वळण घेताना रस्त्याकडेचा विजेचा खांब मधोमध कापल्यासारखा दिसतो, वरचा तुकडा एकीकडे आणि खालचा दुसरीकडे सरकलेला. खेळणारी मुले याला ‘स्क्रीन फाटते’ म्हणतात, आणि शब्द अगदी अचूक आहे.

यावरचा जुना उपाय व्ही-सिंक. त्यात पडद्याची फेरी पूर्ण होईपर्यंत नवे चित्र रोखून धरतात. फाटणे थांबते, पण किंमत मोजावी लागते. रायपूर स्टेशनवरून जयस्तंभ चौकाकडे दर वीस मिनिटांनी बस सुटते असे समजा. प्रवासी एक मिनिट उशिरा आला, तर त्याला पुढची एकोणीस मिनिटे ताटकळावे लागते. तसेच १६.७ ऐवजी १७ मिलिसेकंदांत तयार झालेली फ्रेम थेट ३३.३ व्या मिलिसेकंदाला दिसते. साध्या व्ही-सिंकमध्ये ६०चा वेग असा एका झटक्यात ३०वर येतो, आणि माऊस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळही वाढतो. नेम धरून खेळायच्या गेममध्ये हा उशीर हाताला जाणवतो.

अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकमध्ये बसच्या जागी रिक्षा येते: प्रवासी आला की निघायचे. एक चित्र भरून झाल्यावर पुढचे सुरू होईपर्यंत प्रत्येक मॉनिटर थोडी विश्रांती घेतोच. ती विश्रांती लांबवायची आणि कार्डाकडून नवी फ्रेम आली की लगेच भरायला घ्यायची, एवढीच युक्ती. चित्रनळीच्या पडद्यावरची चमक क्षणात विझत असल्यामुळे तिथे असे थांबणे परवडत नव्हते. एलसीडी पडदा मात्र शेवटचे चित्र काही काळ धरून ठेवतो, म्हणून हे जमले.

ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियाने ऑक्टोबर २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर केले. त्यासाठी मॉनिटरमध्ये त्यांचा वेगळा सर्किट बोर्ड बसवावा लागे, त्यामुळे किंमत चढे. जानेवारी २०१४ मध्ये प्रतिस्पर्धी एएमडीने लॅपटॉपवर फ्रीसिंकचे प्रात्यक्षिक दाखवले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ‘व्हेसा’ या मानक ठरवणाऱ्या संस्थेने अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकचा मॉनिटर-जोडणीच्या डिस्प्लेपोर्ट १.२ए या मानकात समावेश केला. खुल्या मानकामुळे स्वस्त मॉनिटरांतही ही सोय आली. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियानेही आपली कार्डे अशा मॉनिटरांसाठी खुली केली. सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा टप्पा हाच: कार्ड एका कंपनीचे आणि मॉनिटर दुसरीच सोय असलेला, तरी बहुधा जमते. एचडीएमआय २.१ या जोडणी-मानकात ‘व्हीआरआर’ नावाने हीच सोय आल्यावर टीव्हीलाही तिचा लाभ मिळाला.

रिक्षावालाही किती वेळ थांबेल याला मर्यादा असते. एलसीडीचे चित्र हळूहळू उतरू लागते, म्हणून प्रत्येक मॉनिटरला किमान वेग ठरवून दिलेला असतो. अनेकांचा तो ४८ हर्ट्झ असतो. गेम ४० फ्रेमवर घसरला की चांगला मॉनिटर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून ८० हर्ट्झवर चालतो आणि लय टिकवतो. ४८ ते १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला हे सहज जमते. ४८ ते ७५ वाल्याला जमत नाही, कारण ८० त्याच्या आवाक्याबाहेर. म्हणजे ज्या घरी कार्ड साधे आणि ही सोय खरी गरजेची, तिथेच स्वस्त मॉनिटर ऐन वेळी हात टेकतो. तेव्हा विकत घेताना कमाल हर्ट्झसोबत किमान हर्ट्झही विचारावा. कमाल हा किमानच्या अडीचपट तरी असावा.

या तंत्राला उणिवाही आहेत. वेग सतत वरखाली झाला की व्हीए आणि ओलेड प्रकारच्या पडद्यांवर अंधारी दृश्ये किंचित लुकलुकतात. गेमचा वेग मॉनिटरच्या कमाल मर्यादेपलीकडे गेला तर फाटणे परत येते, म्हणून १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर गेमला १४०च्या आसपास लगाम घालणे इष्ट. आणि वीस-पंचवीस फ्रेमच निघणारा गेम कोणताही मॉनिटर सुरळीत करू शकत नाही. खरा लाभ चाळीस ते नव्वदच्या पट्ट्यात दिसतो.

मॉनिटर आणला की दोन ठिकाणी पाहावे. मॉनिटरच्या बटणांमागच्या मेन्यूत ही सोय अनेकदा बंदच असते. ती आधी तिथे आणि मग ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरू करावी लागते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधला रिफ्रेश रेटही तपासावा, कारण १४४ हर्ट्झचा नवा मॉनिटर पुष्कळदा ६०वरच चालत राहिलेला आढळतो.