मेळघाटातील वजनाच्या नोंदी आणि संगणकीय संख्याशास्त्र

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी वसलेले सेमाडोह पर्यटकांना व्याघ्र प्रकल्पामुळे परिचित आहे. आरोग्यक्षेत्रात मात्र मेळघाटाचे नाव कुपोषणाशी जोडले गेले आहे. आदिवासी भागासाठी १९९५ मध्ये सुरू झालेल्या नवसंजीवनी योजनेतील भरारी पथकांत अनेक आयुर्वेद पदवीधरांनी मानसेवी वैद्यकीय अधिकारी म्हणून पाड्यापाड्यांतून काम केले. बालकांची वजने, जन्मतारखा, आजारांच्या नोंदी यांच्या वह्या त्यांच्याच हातून भरल्या गेल्या. त्या नोंदींचे पुढे विश्लेषण करावयाचे झाल्यास तेही आपणच का करू नये, या दृष्टीने प्रस्तुत लेखात संख्याशास्त्रीय आज्ञावलींचा परिचय करून दिला आहे.

प्रथम साधनांविषयी. एस.पी.एस.एस. ही १९६८ पासूनची प्रसिद्ध आज्ञावली आपल्या पदव्युत्तर प्रबंधांतून वारंवार उल्लेखिली जाते, परंतु तिचे शुल्क खाजगी चिकित्सकास परवडणारे नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी विकसित केलेली ‘आर’ ही आज्ञावली विनामूल्य आहे. ज्यांना आज्ञा टंकित करणे जड जाते त्यांच्यासाठी ‘आर’च्याच आधारावर उभी असलेली, माऊसने चालणारी ‘जामोवी’ उपलब्ध आहे, तीही विनामूल्य. दोन्ही एकदा संगणकावर उतरवून घेतल्या की इंटरनेटवाचून चालतात. जंगलपट्ट्यातील वीज व संपर्काची स्थिती पाहता हा गुण लहान नव्हे.

आज्ञावली शिकण्याचा अवघड भाग गणित नसून नोंदींची मांडणी हा आहे. एका ओळीत एका बालकाची एका दिवसाची नोंद, एका स्तंभात एकच चल, हा नियम कसोशीने पाळावा. ‘७.२ किलो, ज्वर’ असे एकाच चौकटीत लिहिल्यास संगणक त्यास संख्या मानीत नाही. न मोजलेल्या वजनाच्या जागी शून्य घालू नये, चौकट रिकामी ठेवावी. अन्यथा ते शून्य सरासरीत मिसळून सर्व गाव कृश ठरवील. बालकाचे नाव तक्त्यात न घेता क्रमांक घ्यावा व नाव-क्रमांकाची यादी स्वतंत्र, कुलूपबंद ठेवावी.

तारखांच्या बाबतीत विशेष सावध राहावयास हवे. एक कल्पित उदाहरण घेऊ. ५ ऑगस्ट २०२३ रोजी जन्मलेल्या मुलाचे १४ ऑगस्ट २०२४ रोजी वजन ७.२ किलो भरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वृद्धिमानकांनुसार बारा महिन्यांच्या मुलाचे मध्यक वजन ९.६ किलो, उणे दोन प्रमाण विचलनाची रेषा ७.७ किलोवर व उणे तीनची ६.९ किलोवर आहे. म्हणजे हा मुलगा मध्यम कमी वजनाचा. आता ०५/०८/२०२३ ही जन्मतारीख अमेरिकी रीतीने महिना आधी धरून वाचली गेली, तर ती ८ मे होते आणि मूल तीन महिन्यांनी मोठे ठरते. पंधराव्या महिन्यासाठी उणे तीनची रेषा ७.४ किलोवर असल्याने तेच मूल तत्काळ ‘तीव्र कमी वजना’च्या गटात जाते. लिंगाचा संकेत चुकला तर उलट घडते: बारा महिन्यांच्या मुलीसाठी उणे दोनची रेषा ७.० किलो असल्याने ७.२ किलोची नोंद त्या रेषेच्या वर राहते, आणि पथकाने ज्या घरी जावयास हवे ते घर यादीतून वगळले जाते. दोन्ही वेळी संगणक कोणतीही तक्रार करीत नाही. म्हणून तारीख सदैव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने भरावी, आणि कोणतीही चाचणी लावण्यापूर्वी वयाचा आलेख काढून पाहावा. बारा, अठरा, चोवीस या महिन्यांवर बालकांची गर्दी दिसली तर वये अंदाजाने लिहिली गेली आहेत असे समजावे. जन्म होळीच्या आधीचा की नंतरचा, हे कोरकू मातेस विचारल्याने अशी कित्येक वये सुधारता येतील. ही दुरुस्ती कोणतीही आज्ञावली करून देणार नाही.

चाचण्यांची निवड हा पुढचा भाग. लक्षणांना शून्य ते तीन अशी श्रेणी देऊन चिकित्सेपूर्वीच्या व नंतरच्या अंकांना ‘टी’ चाचणी लावण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. परंतु श्रेणीतील एक व दोन यांतील अंतर दोन व तीन यांतील अंतराइतकेच असते असे मानण्यास आधार नसतो. अशा जोडीच्या श्रेणींसाठी विलकॉक्सन यांची १९४५ मधील क्रमाधारित चाचणी अधिक योग्य होय. ‘जामोवी’त ती ‘टी’ चाचणीच्याच पटलावर, एका खुणेच्या अंतरावर आहे. वजनासारख्या मोजलेल्या संख्येस मात्र जोडीची ‘टी’ चाचणी बहुधा चालते.

तथापि चाचणी बरोबर निवडूनही निष्कर्ष फसवा निघू शकतो. समजा, श्रावणात सर्वांत कृश बालके निवडून त्यांना बल्य कल्प सुरू केला व कार्तिकात पुन्हा वजने घेतली. वर्षा ऋतूतील अग्निमांद्य, अतिसार व पावसाळ्यातील धान्याची टंचाई ओसरल्यावर काही वजने आपोआपच वाढतात. शिवाय टोकाची मोजमापे निवडली की दुसऱ्या मोजणीत ती सरासरीकडे झुकतात. ‘पी’चे मूल्य ०.०५ हून कितीही खाली आले तरी ते केवळ एवढेच सांगते की, प्रत्यक्षात काहीच बदल घडला नसता तर इतका फरक निव्वळ योगायोगाने दिसणे विरळ आहे. फरक औषधाने घडला की ऋतूने, हे ते सांगत नाही. त्यासाठी त्याच काळात, तोच आहार मिळणारा परंतु कल्प न घेणारा तुलनागट हवा, आणि कोणत्या गटात कोण हे चिठ्ठी टाकून ठरलेले हवे. चरकसंहितेत आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान यांच्या जोडीला अनेक कारणांच्या संयोगाचा विचार करणारी युक्ती सांगितली आहे; ऋतुचर्या शिकलेल्या वैद्यास हा मुद्दा संख्याशास्त्रज्ञाच्या आधी सुचावयास हवा. अशा चिकित्साप्रयोगासाठी नीतिसमितीची अनुमती घेऊन पहिला रुग्ण समाविष्ट होण्यापूर्वीच त्याची नोंद भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीत, म्हणजे २००७ मध्ये सुरू झालेल्या सी.टी.आर.आय.मध्ये, करावी.

नव्याने शिकणाऱ्याने आरंभ मोठ्या प्रयोगाने करू नये. एका पाड्याच्या एका वर्षाच्या वजनांचा तक्ता भरावा, प्रत्येक महिन्याचे मध्यक काढावे आणि त्यांची रेषा कागदावर उतरवावी. आषाढ ते आश्विन या महिन्यांत ती रेषा कोठे वाकते ते दिसले की पुढील वर्षी पूरक आहार कोणत्या पंधरवड्यात पोहोचला पाहिजे, हे वैद्यकीय अधिकाऱ्यास आकड्यांनिशी मांडता येते.