तीन मिनिटं तुमची!

आमच्या गल्लीच्या टोकाला दवाखान्यांची दोन मजली इमारत येतेय, हे मला घरमालकाकडून कळलं. कॅलिफोर्नियात अशा सुनावणीची नोटीस किमान 10 दिवस आधी टपालानं येते. पण 300 फुटांच्या आतल्या मालकांना. भाडेकरूंनी काय, पेपर वाचावा! तरी गेलो. 1953 च्या ब्राऊन अ‍ॅक्टमुळे तिथे कुणालाही बोलता येतं.

प्लॅनिंग कमिशनची मीटिंग म्हणजे डिट्टो आपल्या सोसायटीची एजीएम, फक्त चहा-बिस्किटं नाहीत. माणशी तीन मिनिटं, मग लाल दिवा. पहिला अर्धा तास अर्थातच पार्किंगवर गेला. मग एक गृहस्थ तावातावानं उठले. दोन मजल्यांना लिफ्ट हवीच कशाला? गच्चीवरचा तो खोका काढा!

आर्किटेक्ट शांतच. 1990 च्या अपंगांविषयीच्या कायद्यात तीनपेक्षा कमी मजल्यांना लिफ्टमधून सूट आहे, पण डॉक्टरांच्या ऑफिसांना नाही, म्हणाला. एकदम पटलं! गुडघे धरून हाडांच्या डॉक्टरचा जिना चढणारी माणसं पुण्यात काय कमी बघितलीत?

माझा नंबर आल्यावर म्हटलं, लिफ्ट राहू द्या, पार्किंगचे दिवे तेवढे आमच्या बेडरूमवर नकोत. शेजारच्या आजी गाडी चालवत नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, उघडणार कधी?

रात्री साडेदहाला मंजुरी मिळाली. दिव्यांना आडोसा घालायचा, लिफ्ट आहे तिथेच. ते गृहस्थ आता कौन्सिलकडे अपील करणार म्हणे.