जुन्या पद्मिनीची ठिणगी
कुर्ल्याला तयार झालेली जुनी प्रीमियर पद्मिनी तोंडवलीच्या खाऱ्या, दमट हवेत सकाळी सुरू होईना, तर मेकॅनिक आधी डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट पाहतो. का?

प्लगच्या फटीत ठिणगी पाडायला बॅटरीचे १२ व्होल्ट पुरत नाहीत, हजारो लागतात. पॉइंट उघडताच कॉइलमधील प्रवाह तुटतो, चुंबकक्षेत्र नाहीसे होते आणि दुसऱ्या वेटोळ्यात तो प्रचंड विद्युतदाब निर्माण होतो. चार सिलिंडरच्या या इंजिनाला दर फेरीस दोन ठिणग्या लागतात. मिनिटाला ३,००० फेऱ्या धरून हिशेब करा: सेकंदाला १००! दर वेळी पॉइंट किंचित जळतात.

त्यांच्याऐवजी चुंबक, संवेदक आणि ट्रान्झिस्टर बसवले, तर प्रवाह तुटतो, पण जळायला पॉइंटच नसतात. जुने पॉइंट मात्र गाडीत असू द्यावेत, बरे का! ट्रान्झिस्टर बिघडला, तर तो कानशीने घासून चालू होत नाही.