पिकअपचे टायर बदलताना

फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपचे दोनच टायर बदलून भागवू नका, हे आधीच सांगतो. टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉसमध्ये ‘फोर-हाय’ लावलं की पुढचा आणि मागचा एक्सल एकाच वेगाने फिरतात. मधला फरक सांभाळायला डिफरन्शियल नसतो. पुढे झिजलेले आणि मागे कोरे टायर असले, तर घेर वेगळा पडतो आणि ताण ट्रान्सफर केसवर येतो. चारही एकदम घ्या, जमलं तर स्टेपनीसुद्धा.

मग दुकानात खाली वाकून टायरच्या कडेवरचे आकडे वाचा. २६५/६५ आर १७ म्हणजे रुंदी २६५ मिलिमीटर, कडेची उंची त्याच्या ६५ टक्के, रिम १७ इंची. पुढचा ११२ हा भाराचा आकडा: एका टायरला ११२० किलो. माल वाहणार असाल तर तो मूळ टायरपेक्षा कमी नको. छोट्या लंबगोलात २३२५ दिसलं, तर टायर २०२५च्या तेविसाव्या आठवड्यातला.

नक्षीचं म्हणाल, तर बहुतेकांना ऑल-टेरेन पुरतो. मड-टेरेन कोकणातल्या लाल चिखलात गाडी हमखास बाहेर काढतो, पण डांबरावर घोंघावतो, डिझेल जास्त खातो आणि ओल्या घाटात ब्रेक लांबवतो. रोज हायवेच असेल, तर साधा हायवे टायरच बरा.

खाचेत अंगठा फिरवा. तळाशी छोटे उंचवटे लागतील. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली. कायदा तिथवर थांबू देतो. पावसाळ्यात घाट चढणाऱ्याने मात्र ३ मिलिमीटरलाच टायर बदलावेत.