बर्फानं दळलं, नदीनं पाखडलं!

दोस्तांनो, आधी एका कुत्र्याची गोष्ट ऐका.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ओटागो नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथं शॉटोव्हर नावाची नदी खोल घळीतून फेसाळत धावते. १८६१ नंतर या भागात सोन्यासाठी नुसती झुंबड उडाली होती. त्या धामधुमीत रानिएरा एरिहाना आणि हाकारिया हाएरोआ हे दोन माओरी जवान या नदीवर आले. पलीकडचा काठ त्यांना जास्त आशेचा वाटला, म्हणून दोघंही पोहून पार झाले. मागोमाग त्यांच्या कुत्र्यानं उडी घेतली आणि बिचारा धारेला लागला! त्याला वाचवायला दोघं खडकाळ काठानं धावले. बघतात तर काय, खडकाच्या भेगांमध्ये सोनं! अंधार पडेपर्यंत त्यांनी ३०० औंस, म्हणजे नऊ किलोहून जास्त सोनं गोळा केलं. त्या जागेला पुढे ‘माओरी पॉइंट’ असंच नाव पडलं.

तुम्ही म्हणाल, काय नशीब! नशीब होतंच. पण सोनं नेमकं खडकाच्या भेगेतच कसं सापडलं? कोणी नेऊन ठेवलं होतं का तिथं?

हो, ठेवलं होतं! आणि ते काम कोट्यवधी वर्षं चाललं होतं.

फार फार पूर्वी ओटागो समुद्राच्या तळाशी होतं. तेव्हा पृथ्वीवर गोंडवन नावाचं महाखंड होतं. (हे नाव आपल्याकडच्या गोंडांच्या मुलखावरून दिलेलं आहे, बरं का!) त्याच्या काठाची वाळू आणि चिखल समुद्रात साचत गेला. थरावर थर चढले. खालचे थर खोल गाडले गेले, दबले, भाजून निघाले आणि त्यांचा ‘शिस्ट’ नावाचा खडक झाला. हा खडक पापुद्र्यापापुद्र्यांचा असतो आणि त्यातल्या अभ्रकामुळे चकाकतो. चकाकी पाहून नवखी माणसं फसायची ती इथंच!

या खडकात सोनं होतं, पण अगदी नावापुरतं, सगळीकडे विखुरलेलं. खोलवरच्या कढत पाण्यानं ते आपल्यात विरघळवून घेतलं. पाणी भेगांमधून वर चढलं, थंड झालं, तेव्हा भेगांमध्ये पांढरी गारगोटी जमली आणि तिच्यासोबत सोन्याचे कण. पुढे जमिनीचे दोन अजस्र तुकडे एकमेकांना रेटू लागले आणि तो सगळा खडक डोंगर होऊन वर आला. ऊन, पाऊस आणि थंडीनं तो झिजू लागला.

मग आलं हिमयुग. शेवटच्या हिमयुगाचा जोर सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी होता. तेव्हा या डोंगरांतून प्रचंड हिमनद्या सरकत खाली येत. त्यांची ताकद पाहायची तर वाकाटिपू तळं पाहावं. तळ्याचं पाणी समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर उंचीवर आहे. पण खोली सुमारे ३८० मीटर! म्हणजे तळ समुद्राच्या पातळीच्याही खाली गेला. एवढी खोदाई बर्फानं केली.

पण बर्फाची एक खोड आहे. ते जात्यासारखं दळतं, निवडत मात्र नाही. धोंडा, माती, गारगोटी, सोनं सगळं एकत्र ढकलत नेतं आणि जिथं वितळतं तिथं ढीग टाकून देतं. अशा ढिगाला हिमोढ म्हणतात. त्यात सोनं असलं तरी गवताच्या गंजीतल्या सुईसारखं.

निवडायचं काम नदीचं. आजीला सुपानं धान्य पाखडताना पाहिलंय ना? हलकं फोलपट उडून जातं, दाणा मागे राहतो. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, गारगोटी जेमतेम अडीच पट. बर्फ वितळून फुगलेल्या नद्यांनी ते ढीग फोडले, माती वाहून नेली आणि जड सोनं तळाशी बसलं. आणि तळ कसला? पापुद्र्यांच्या शिस्टचा! ज्या ठिकाणी त्याच्या कडा प्रवाहाला आडव्या येतात, तिथं खाचाच खाचा. त्यांत सोनं अडकत गेलं. आता कळलं ना, त्या कुत्र्यानं मालकांना कुठं नेलं ते?

खाणकऱ्यांची सुरुवातीची हत्यारंही नदीचीच नक्कल. पसरट थाळीत वाळू घ्यायची, पाण्यात गोल फिरवायची, हलकं सांडू द्यायचं. आपल्याकडे सराफकट्ट्यावरची माती धुऊन सोनं काढणारे झारेकरी हेच करतात.

गॅब्रिएल रीडकडे तरी काय होतं? एक पत्र्याची थाळी, फावडं आणि खाटकाचा सुरा. मे १८६१ मध्ये त्यानं एका ओहोळातली वाळू उकरली आणि दहा तासांत सात औंस सोनं काढलं. काळ्या थंड रात्री मृग नक्षत्राचे तारे चमकावेत तसं ते दिसलं, असं त्यानं लिहून ठेवलंय. (बर्फ या ओहोळापर्यंत पोचलंच नव्हतं, इथलं सोनं सगळं पाण्यानंच निवडलेलं.) त्यानं बातमी लपवली नाही, सरकारला कळवली. वर्षभरात ओटागोची वस्ती दुपटीहून जास्त झाली!

पण रीडच्या आधी दोन-तीन वर्षं याच भागात एकानं सोनं शोधलं होतं. तो चक्क मुंबईकडून आलेला होता! नाव एडवर्ड पीटर्स. गोरे लोक त्याला ‘ब्लॅक पीटर’ म्हणत. त्याच्या शोधाची वार्ता रीडच्या कानावर आलेली होती. तरी बक्षिसाचे १००० पौंड मिळाले रीडला. पीटर्सच्या हाती त्यातलं काही आलं नाही. तो १८९३ साली वारला. मला विचाराल तर ओहोळाला ‘गॅब्रिएलची घळ’ म्हणतात, तेव्हा निदान शेजारच्या एखाद्या ओढ्याला तरी पीटर्सचं नाव द्यायला हवं होतं.

हार्टली आणि रायली हे दोघे मात्र भलतेच हुशार. ऐन हिवाळ्यात डोंगरावरचं पाणी बर्फ होऊन अडकून पडतं आणि मोठी क्लूथा नदी आटते. एरवी बुडालेला खडकाळ काठ उघडा पडतो. त्यांनी तोच धुंडाळला! ऑगस्ट १८६२ मध्ये ड्यूनेडिन शहरात त्यांनी हजार औंसांहून जास्त सोनं सरकारजमा केलं आणि २००० पौंडांचं बक्षीस ठरल्यावरच जागा सांगितली.

पण जे बर्फ वाट मोकळी करून देतं, तेच उलटतंही. १८६३ च्या हिवाळ्यात मुसळधार पाऊस पडला आणि डोंगरावरचं बर्फ वितळलं. घळीत पाण्याजवळ तंबू ठोकलेली माणसं रात्रीत वाहून गेली. मागोमाग हिमवादळं आली. त्या उघड्याबोडक्या डोंगरांत झाडं नाहीत, म्हणून शेकोटीला सरपण नाही. किती तरी जण गारठून मेले.

वरवरचं सोनं संपत आलं, तसे गोरे खाणकरी दुसरीकडे पांगले. त्यांच्या जागी १८६६ पासून चिनी कामगार आले. तेही बोलावलेले! दुसऱ्यांनी धुऊन टाकलेली वाळू त्यांनी पुन्हा धुतली आणि तीतूनही सोनं काढलं. मग त्यांचाच हेवा सुरू झाला. १८८१ मध्ये देशात येणाऱ्या प्रत्येक चिन्यावर १० पौंडांचा कर बसवला, पुढे तो १०० पौंड केला. या कराबद्दल न्यूझीलंड सरकारनं माफी मागितली ती २००२ साली.

ॲरोटाउन गावात त्या चिनी कामगारांच्या बुटक्या दगडी झोपड्या जपून ठेवल्यात. शेजारूनच ॲरो नदी वाहते. थाळी भाड्यानं घेऊन पोरंटोरं तिच्या पाण्यात बसतात, वाळू गोल गोल फिरवतात. पूर येऊन गेला की नदी पुन्हा थोडं पाखडून ठेवते. मग एखाद्याच्या थाळीत मोहरीहून बारीक, पिवळा कण उरतो.