संगणकावरचा जागल्या

मुलाचा अकरावीचा प्रवेश, मुलीच्या परीक्षेचं वेळापत्रक, सरकारी योजनेची मुदत, या सगळ्या सूचना हल्ली आधी संकेतस्थळावर लागतात. मग चार तोंडांतून फिरत फिरत त्या आपल्या मोबाईलवर येतात. तोवर एकतर त्यांना तिखटमीठ लागलेलं असतं, नाहीतर मुदतच टळून गेलेली असते!

2025 सालचंच पाहा. अकरावीची ऑनलाइन प्रवेशपद्धत त्या वर्षी सबंध राज्याला लागू झाली. आमचं बडनेरा अमरावती महानगरपालिकेत असल्यामुळे जुन्या वस्तीतल्या काय नि नव्या वस्तीतल्या काय, आयांना ती पद्धत आधीपासून ठाऊक होती. पण 21 मे रोजी, पहिल्याच दिवशी, संकेतस्थळ अडलं आणि नोंदणी 26 मेपर्यंत पुढे गेली. त्याच वर्षी ‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीची 18 नोव्हेंबरची मुदत वाढवून 31 डिसेंबर करण्यात आली. अशा वेळी तारीख चुकली, तर नुकसान घरचंच होतं. अकरावीला पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही वेळेत प्रवेश पक्का केला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांचं दार बंद होतं.

मग काय, स्वयंपाक सोडून दिवसभर संगणकासमोर बसायचं? मुळीच नाही! आपल्या वऱ्हाडात उभ्या पिकाला जागल्या ठेवतात ना, तसाच एक जागल्या संगणकावरही ठेवता येतो. क्रोम किंवा फायरफॉक्स या ब्राउझरला जोडायचा हा एक छोटासा प्रोग्रॅम. त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. ‘डिस्टिल वेब मॉनिटर’ हे त्यांतलं एक. त्याचा साधा प्रकार फुकट मिळतो.

तो बसवायचा कसा? ब्राउझरच्या स्टोअरमध्ये नाव शोधा आणि जोडून घ्या. मग जे पान राखायचं ते उघडा, वरच्या कोपऱ्यातलं त्याचं चिन्ह दाबा आणि पानावरचा नेमका ‘सूचना’ हा चौकोन निवडा. किती वेळाने पाहायचं तेही सांगून ठेवा. ठरल्या वेळी तो पान पुन्हा वाचतो, आधीच्या मजकुराशी ताडून पाहतो आणि फरक दिसला की लगेच कळवतो. नवं काय आलं नि जुनं काय गेलं, हेही रंगाने वेगळं करून दाखवतो.

आता चार गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. पहिली, सबंध पान राखायला देऊ नका. वरची तारीख, भेट देणाऱ्यांचा आकडा, जाहिराती हे सारखं बदलतच असतं. मग तो उगाचच ओरडत राहील. दुसरी, दर मिनिटाला डोकावायला सांगू नका. तासाला एकदा पुष्कळ झालं. फार वेळा दार ठोठावलं तर काही संकेतस्थळं आपल्याला आतच घेत नाहीत.

तिसरी गोष्ट, संगणक किंवा ब्राउझर बंद असला की हा जागल्याही झोपतो. बंद असतानाही पाहत राहावं, तर पाळत कंपनीच्या संगणकावर ठेवण्याची सोय असते. फुकटात ती मोजक्याच पानांपुरती मिळते. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. असा प्रोग्रॅम जोडताना तो आपण उघडलेली पानं वाचण्याची परवानगी मागतो. म्हणून नाव नीट पाहून, ओळखीचाच घ्या. बँकेचं पान, आधार क्रमांक नि ओटीपी टाकायचा अर्ज यांवर त्याला कधीच बसवू नका. सर्वांना उघड दिसणाऱ्या सूचनांच्या पानापुरतंच त्याचं काम ठेवा. आणि ते पानही खऱ्या सरकारी पत्त्याचंच हवं बरं का! ‘लाडकी बहीण’च्या नावाने खोटी संकेतस्थळंही निघाली होती. मैत्रिणीने पाठवलेल्या दुव्यावरून न जाता पत्ता स्वतः तपासा. महाराष्ट्र शासनाच्या पत्त्याच्या शेवटी सहसा ‘महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ असतं.

घरात लॅपटॉप असेल, तर एका दुपारी मुलाला शेजारी बसवून हे करून पाहा. पाव तासाचं काम आहे. जागल्या फक्त हाक देतो, वाचायचं आपणच. हाक आली की मूळ सूचना शेवटपर्यंत वाचा आणि तारीख लगेच कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लिहून टाका.